शिट्टी न होणारा कुकर

काही नवीन घ्यायचं मनात आलं, की काका आधी त्या वस्तूची जागा अडवून ठेवत. फ्रिज घेण्याआधी त्यांनी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात केळ्यांचे रिकामे क्रेट फ्रिजच्या उंचीइतके रचले आणि सगळा पावसाळा ते तसेच ठेवले. जाता-येता कुणाला लागतात का, मागच्या दाराचा उजेड अडतो का, हे त्यांना पाहायचं होतं. मुलाचं लग्न ठरलं तेव्हा सून यायच्या आधीपासूनच त्यांनी जेवताना एक ताट जास्त मांडायला लावलं.

"ताटाला जागा झाली," काकू सांगायच्या, "पण सून दिवाळीच्या आत विरारच्या फ्लॅटमध्ये राहायला गेली."

त्यावर काका अगदी गंभीरपणे म्हणायचे, "पण ताटाची अडचण होत नाही, हे कळलं की नाही?"

मी त्यांची भाडेकरू. मूळची मिरजेकडची. विरारच्या एका लॅबमध्ये रक्त तपासायची नोकरी लागली म्हणून इकडे आले आणि कुणाच्या तरी ओळखीने निर्मळ गावी यांच्या वाडीत पोहोचले. पुढे मोगरा आणि सोनचाफा, मागे केळी, केळींच्या पलीकडे विहीर, आणि मधे कौलारू घर. घराला चिकटून एक बुटकी खोली होती. पूर्वी तिच्यात केळी पिकत घालत, आणि तो गोडसर वास भिंतींतून अजून गेला नव्हता. ती खोली मला मिळाली, पण एका अटीवर. आत गॅस किंवा स्टोव्ह पेटवायचा नाही.

"या खोलीला जाळाची सवय नाही," काका म्हणाले.

खोलीला सवय नसते म्हणजे काय, हे मी विचारलं नाही. मला खोली हवी होती. मी एक इलेक्ट्रिक प्रेशर कुकर मागवला. म्हणजे पुढे जे काही झालं, त्याची सुरुवात काकांच्याच अटीतून झाली.

कुकर आला त्या संध्याकाळी काका पाय धुऊन माझ्या उंबऱ्यावर येऊन बसले. उंच, हडकुळे, अंगात बंडी, आणि कानावर सोनचाफ्याचं फूल. फुलाची हौस होती असं नाही. वाडीतून येताना हात मोकळे राहावेत म्हणून ते फुलं कानावर, खिशात, कुठेही खोचून आणत. मी डाळ-तांदूळ लावले, झाकण फिरवून बसवलं, बटण दाबलं.

"आता हा काय करतोय?" काकांनी विचारलं.

"शिजवतोय."

"कशावरून?"

मी त्यांना लाल आकडे दाखवले. वेळ संपली की ते बदलतात, टूक टूक असा आवाज येतो, आणि कुकर आपला आपण बंद होतो, असं सांगितलं.

"शिट्टी?"

"होत नाही."

"अजिबात?"

"अजिबात नाही, काका."

ते बराच वेळ कुकरकडे पाहत बसले. मग म्हणाले, "आणि लाइट गेली तर? परत आल्यावर कुठवर आलो होतो ते याला आठवतं का?"

ते मलाही माहीत नव्हतं. काका उठले, "बघ म्हणजे तुलाही माहीत नाही," असं म्हणाले आणि समाधानाने निघून गेले. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा येऊन बसले. मग रोजच. मी कामावरून यायची, कुकर लावायची, आणि काका तो शिजताना बघायचे. कुणी टीव्ही बघावा तसं. मधेच एखादा प्रश्न. वाल शिजतात का यात? चांदीपचा तांदूळ चालेल का? तो जाड असतो. (चांदीपला त्यांची बहीण दिली होती, घरात तांदूळ तिच्याकडचाच यायचा.) आणि सगळ्यात जास्त वेळा एकच प्रश्न: हे लाल आकडे दिवसा, दारातून ऊन आत आलं तरी दिसतात का?

मला वाटलं, यांना कुकर घ्यायचा आहे. तसं मी एका रविवारी त्यांच्या मुलाला बोलले. तो भेटायला आला होता. तो लगेच म्हणाला, "बाबा, घेऊन टाका ना. आईला गॅसपाशी उभं राहायला नको."

झालं. काका सरसावून बसले. "आणि शुक्रवारी दिवसभर लाइट जाते तेव्हा? तुझ्या आईने भिजवलेली डाळ मांडीवर घेऊन बसायचं? गॅस आहे, कुकर आहे, विहिरीला पाणी आहे. कशाला हवा तो?" असं ते बोलत राहिले. मुलगा हात जोडून निघाला. आणि त्याच संध्याकाळी फुलं न्यायला येणारे शेजारी म्हणाले की असली यंत्रं म्हणजे नुसतं फॅड, तर काका त्यांच्यावरच उलटले. "फॅड कसं? गॅस चालू राहिला तर घर जळेल. हा आपला आपण बंद होतो. माणसालाही एवढं कळत नाही."

मी दोन्ही वेळा तिथेच होते. काका कुठल्या बाजूचे, हे मला कळेना. पुढे लक्षात आलं की ते नेहमीच असं करत. कुणी एक बाजू घेतली की हे दुसरी घेत. तंटा करायचा म्हणून नाही. दुसरी बाजू बिचारी एकटी पडते, असं त्यांना वाटायचं.

एकदा आम्ही माझ्या स्कूटरवरून आगाशीच्या बाजारात गेलो. तिथे विजेच्या वस्तूंचं एक दुकान होतं. दुकानदार तरुण, बोलका. त्याने भराभर तीन-चार कुकर काउंटरवर मांडले.

"दिवा कुठला?" काकांनी विचारलं.

"हा बघा, डिस्प्ले. मस्त ब्राइट आहे."

"उन्हात दिसतो?"

दुकानदाराने वायर ओढत कुकर दुकानाच्या पायरीवर आणला. काका उन्हात उभे राहून वाकून बघत राहिले. मग म्हणाले, "आणि पाठ केली तर?"

"म्हणजे?"

"आपण त्याच्याकडे पाठ करून बसलो तर दिसतो का?"

"काका, पाठ केल्यावर कसा दिसेल?" दुकानदाराने माझ्याकडे मदतीसाठी पाहिलं. "पण आवाज येतो ना. बीप होतो. एकदम लाउड."

"आवाजाचा नको. आवाजाचा आहे आमच्याकडे."

आम्ही रिकाम्या हाताने निघालो. येताना काका मागे बसून रस्त्यावरच्या पाट्या वाचत होते. मग अचानक म्हणाले, "तू काही बोलली नाहीस."

"मी काय बोलायला हवं होतं?"

"घ्या म्हणायचं."

"मग तुम्ही नको म्हणाला असता."

"म्हणालो असतोच. पण नको का, ते मला बोलता बोलता कळलं असतं ना."



दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघराच्या ओट्यावर, गॅसच्या डाव्या हाताला, फुलांची एक टोपली पालथी ठेवलेली दिसली. साधारण माझ्या कुकरच्या आकाराची. काकू वैतागल्या होत्या. त्यांचा आवाज मुळातच मोठा. पहिल्या आठवड्यात मला वाटायचं की घरात सतत भांडण चाललंय.

"ही टोपली इथे कशाला?"

"राहू दे. सवय होतेय," काका म्हणाले.

"कुणाला?"

"ओट्याला."

काकूंनी टोपली उचलून बाहेर ठेवली. संध्याकाळी ती परत ओट्यावर होती. पुढे त्या तिच्यावर मिठाची बरणी ठेवू लागल्या.

काकांच्या आणखी एका सवयीने मी सुरुवातीला फार गोंधळले होते. ते फार पाणी प्यायचे. आणि नेमके स्वयंपाकाच्या वेळी. काकूंनी कुकर लावलेला असायचा, काका मागे केळीत कुठेतरी खोदत असायचे. कुकरची शिट्टी झाली की काका वाडीतून स्वयंपाकघरात येत, अगदी काकूंच्या समोरून हात घालून तांब्या उचलत, पाणी पीत आणि परत जात. पुन्हा शिट्टी, पुन्हा काका. कधी कधी तर घोटभरही पीत नसत, बाहेर नेऊन अळवाच्या बुडाशी ओतून टाकत. मी रक्त तपासणारी. इतकं पाणी लागणाऱ्या माणसाची साखर बघायला हवी, असं वाटून मी एका रविवारी त्यांचं रक्त काढून नेलं. साखर अगदी ठीक निघाली. रिपोर्ट बघून काका म्हणाले, "मला माहीत होतं. पण तू एवढी हौसेने काढत होतीस."

मग चांदीपच्या बहिणीच्या नातवाचं बारसं आलं. काका सकाळच्या बसने गेले. काकूंना गजऱ्यांची मोठी ऑर्डर होती, म्हणून त्या मागे राहिल्या. मला त्या दिवशी सुट्टी होती. मी दाराशी बसून केस वाळवत होते. काकूंच्या कुकरची शिट्टी झाली. मग दुसरी. मग मोजायचं मी सोडून दिलं, आणि शिट्ट्या होतच राहिल्या. मला वाटलं काकू बाहेर गेल्या असतील. थोड्या वेळाने शिट्ट्यांचा आवाज बारीक झाला आणि करपल्याचा वास आला. मी धावत आत गेले.

काकू स्वयंपाकघरातच होत्या. ओट्याकडे पाठ करून, मागच्या दाराच्या उजेडात पाट टाकून त्या मोगरा ओवत बसल्या होत्या. शांतपणे. कुकर त्यांच्यापासून चार हातांवर फुसफुसत होता. मी गॅस बंद केला. वळसा घालून दारात आले आणि माझी सावली हातातल्या फुलांवर पडली, तेव्हा त्यांनी दचकून वर पाहिलं. त्यांनी माझा चेहरा पाहिला, मग कुकर पाहिला, आणि हातातला गजरा खाली ठेवला.

"बाय, ह्यांना सांगू नकोस," त्या म्हणाल्या. पहिल्यांदाच हळू आवाजात.

"काय सांगू नको? डाळ करपली ते?"

मी काय बोलले ते त्यांनी माझ्या ओठांवरून वाचलं असावं. "डाळ नाही गं. मला ऐकू येत नाही ते. समोर तोंड करून कुणी बोललं तर समजतं. मागचं काही कळत नाही. ह्यांना अजून पत्ता नाही."

"पण मग रोज कुकर कसा..."

काकूंच्या चेहऱ्यावर थोडा खट्याळपणा आला. "त्यांना पाणी प्यायची सवय आहे ना? शिट्टी झाली की ह्यांना तहान लागते, वाफ उडताना बघून ताडलंय मी. का लागते कोण जाणे, लहान मुलांसारखं आहे त्यांचं. पण मला बरं पडतं. हे येऊन गेले की मी समजते, एक झाली. त्यांच्या तहानेवर माझा स्वयंपाक चाललाय, आणि त्यांना माहीतही नाही."

मी कुकर घासायला घेतला. माझ्या डोक्यात आगाशीचं दुकान, उन्हातला दिवा आणि ओट्यावरची टोपली सगळं एकदम फिरायला लागलं होतं.

काका संध्याकाळी आले. घराला करपट वास होताच. ते आत गेले, बाहेर आले आणि सरळ माझ्या उंबऱ्यावर बसले. त्या दिवशी माझा कुकर लागलेलाही नव्हता.

"तू होतीस म्हणून बरं," ते म्हणाले. "तिला काही बोललीस का?"

"कशाबद्दल?"

"कानाबद्दल." त्यांनी मागे वळून काकू कुठे आहेत ते पाहिलं, मग स्वतःच ओशाळले, कारण काकू कुठेही असल्या तरी त्यांना ऐकू जाणार नव्हतंच. "तिला वाटतं मला माहीत नाही. तसंच राहू दे. फार मानी आहे ती. लग्न होऊन आली तेव्हा अंधारात नुसत्या पावलांवरून ओळखायची कोण आलं ते. तिला मी कसा सांगू, तुला शिट्टी ऐकू येत नाही म्हणून? म्हणून आपला पाण्याच्या निमित्ताने जातो. पण आता गुडघे ऐकत नाहीत. विहिरीपाशी असलो तर मी पोहोचेपर्यंत पुढची शिट्टी होते. ती एक शिट्टी कमी धरते, भात गिचका होतो, आणि स्वतःलाच दोष देते." त्यांनी गुडघा चोळला. "आणि मी नसलो की काय होतं, ते आज झालंच."

 दोघांनीही मला एकाच दिवशी एकच गोष्ट न सांगण्याची शपथ घातली होती. काकांना सांगावं तर काकूंचा विश्वास मोडतो, काकूंना सांगावं तर काकांचा. आणि खरं तर दोघांनाही सगळं माहीतच होतं. फक्त समोरच्याला माहीत आहे, एवढंच माहीत नव्हतं. का तेही होतं? 

"आता तूच सांग," काका म्हणाले. "तो कुकर घ्यावा का?"

"घ्या," मी म्हणाले.

मी वाट पाहिली. लाइटचं निघेल, जाड तांदळाचं निघेल. पण काकांनी दुसरी बाजू घेतलीच नाही. नुसती मान हलवली. ज्या माणसाने फ्रिजसाठी सगळा पावसाळा क्रेट रचून ठेवले, तो दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधी आगाशीला जाऊन पायरीवर बसला होता.

मी कामावर निघत होते तेवढ्यात ते खोकं घेऊन रिक्षातून उतरले. वाडीत फुलं खुडणाऱ्या दोघीजणी कामाला आल्या होत्या. काकू हात पुसत बाहेर आल्या.

"हे कशाला?"

"गॅस वाचेल," काका म्हणाले.

"परवाच तर सिलिंडर आलाय."

"तुझे हात दुखतात. झाकण लावायला सोपं आहे."

"माझे हात कधी दुखले?"

"मी करीन स्वयंपाक. मला शिकायचंय."

"तुम्ही?" काकूंनी कंबरेवर हात ठेवले. "खरं काय ते सांगा."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मग खोक्याकडे वाकून दोरी सोडता सोडता, खाली मान घालून म्हणाले, "तुला शिट्टी ऐकू येत नाही म्हणून."

"काय?" काकू म्हणाल्या.

"शिट्टी ऐकू येत नाही तुला."

"अहो, वर बघून बोला की. काय म्हणताय?"

तेव्हा काका ताठ उभे राहिले आणि ओरडले, "तुला ऐकू येत नाही! ऐकू येत नाही म्हणून आणलाय!"

चाफ्याखाली दोघींचे हात थांबले. शेजारच्या वाडीतला कुत्रा भुंकायला लागला. काकूंनी कंबरेवरचे हात खाली घेतले. मला वाटलं आता त्या रडतील, नाहीतर आत निघून जातील. त्यांनी विचारलं, "कधीपासून माहीत आहे?"

"आपण नवीन विहीर बांधली त्याच्या आधीपासून."

"म्हणजे ते पाणी..."

"मला कुठली एवढी तहान लागतेय?"

काकू हसल्या नाहीत. त्यांनी पदराने तोंड पुसलं, खोक्याला वळसा घातला, त्याच्यावरचं चित्र नीट पाहिलं. मग काकांकडे तोंड करून अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "अहो, एवढं सगळं माहीत होतं, तर कानाचं मशीन का नाही आणलं?"

काकांनी माझ्याकडे वळून पाहिलं, आणि मी दुसरीकडे पाहिलं. आमच्या लॅबच्या खालच्या मजल्यावर कानाच्या डॉक्टरांचाच दवाखाना होता. रोज त्यांच्या पाटीसमोर मी स्कूटर लावत होते. इतके महिने आम्ही दोघं दिवा दिसतो का, पाठ केली तर दिसतो का, लाइट गेली तर काय, यावर डोकं लढवत होतो, आणि कान दुरुस्त होऊ शकतो हे आमच्यापैकी एकाच्याही मनात आलं नव्हतं.

"आधी थोडे दिवस कानात कापूस घालून बघ," काका शेवटी म्हणाले. "कानाला सवय..."

"कान माझा आहे," काकू म्हणाल्या आणि त्याच आठवड्यात माझ्यासोबत बसने विरारला आल्या.

पुढे माझी पालघरच्या शाखेत बदली झाली. वर्षभराने एका सुट्टीला मी निर्मळला गेले. ओट्यावर दोन्ही कुकर शेजारी शेजारी होते. डाळ जुन्यात शिजत होती. शिट्टी ऐकू यायला लागल्यावर काकूंना तोच आवडू लागला होता. इलेक्ट्रिकमध्ये फक्त भात लावायचा, तोही लाइट असेल त्या दिवशी.

काका मला दारातच भेटले. खाली बसायच्या आधीच त्यांनी विचारलं, "मग तो घेतला ते बरोबर झालं की चूक?"

मी म्हटलं, "काका, मला खरंच सांगता येत नाही."

"मलाही नाही," ते आनंदाने म्हणाले आणि काठी घेऊन मागे केळीत गेले.

काकू मागच्या दारात गजरे ओवत होत्या. कानामागे ते छोटं मशीन होतं, आणि त्याच्यावरून केस ओढून घेतलेले. मी शेजारी बसले. केळीतून काकांचा आवाज यायला लागला. शब्दांकडे माझं लक्ष नव्हतं, पण बोलणं सलग चाललं होतं, मधेच हसणंही.

"गडी आलेत का आज?" मी विचारलं.

काकूंनी बोट ओठांवर ठेवलं आणि माझ्या कानाशी वाकल्या. "मलाही वाटायचं गड्यांशी बोलतात. हात हलताना दिसायचे ना लांबून. मशीन लावून पहिल्यांदा इथे बसले तेव्हा कळलं, तिथे कुणीच नसतं. 'अगं' म्हणून सुरुवात करतात. गुडघ्याचं सांगतात, कुठल्या केळीला कोंब आला ते सांगतात, माझ्यावर रागावलेले असले तर तेही सांगतात. माझ्याशीच बोलतात, बाय. मला ऐकू येत नव्हतं तेव्हाही बोलतच असणार."

"मग तुम्ही इथून उत्तर देता?"

काकूंनी सुईत पुढचं फूल घेतलं.

"नाही देत. दिलं तर कळेल त्यांना, आणि गप्प बसतील," त्या म्हणाल्या. "किती वर्षांचं राहिलंय. आधी ऐकून तर घेऊ दे."